चौथा नमुना

१

यिंग शेठच्या टेबलावर दोन थर्मास शेजारी शेजारी उभे होते आणि त्यातला एक चोरीचा होता.

निदान यिंग शेठचं तरी तसंच म्हणणं होतं. शेन शुयिन खुर्चीत नीट टेकलीही नव्हती, तेवढ्यात त्यांनी दोन्ही थर्मास तिच्यापुढे सरकवले.

"उजवीकडचा आमचा. अजून बाजारात आलेला नाही. डावीकडचा हूचा. गेल्या आठवड्यात प्रदर्शनात मांडला त्याने. झुंबड उडाली म्हणे."

शेनने दोन्ही हातात घेऊन पाहिले. सख्खे भाऊ शोभले असते. बुटके, पोटाशी गोल, बूड पसरट. आत एका माणसाची दुपार निघेल एवढाच चहा. गेली तीस वर्षं ती चीनमधल्या योंगखांग गावातल्या थर्मासच्या कारखान्यांवर अहवाल लिहीत होती. सगळे कारखाने तरुणांसाठी उंच, सडपातळ, गाडीत अडकवायच्या बाटल्या करत. परदेशातून मागणी त्यांनाच. असलं काही कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"हा कुणासाठी?" तिने विचारलं.

"ज्यांची मुलं दूर शहरात आहेत त्यांच्यासाठी," यिंग शेठ म्हणाले. "म्हातारं माणूस एकटं असलं की एका कपासाठी चूल पेटवत नाही. सकाळी भरून ठेवायचा, दिवसभर गरम. हात थरथरला तरी कलंडत नाही. देशात अशी माणसं किती झालीत, सांगा. आणि त्यांच्याकडे बघतंय कोण? हे मी दोन वर्षं पोटात ठेवलं होतं, शेनबाई. फक्त चौघांना माहीत. मी, माझी मुलगी, विक्रीचा चेंग आणि साच्यांचा लू मिस्त्री. नमुने तीन. तिन्ही तिजोरीत."

"पोलिसांकडे का नाही गेलात?"

"पोलीस आले की बातमी होते. बातमी झाली की गिऱ्हाइकं फोन करतात. तुम्ही या गावातला प्रत्येक कारखाना आतून पाहिलाय, कुणाला संशय येणार नाही."

"माझे अहवाल तरी वाचता का हो?"

यिंग शेठ पहिल्यांदाच हसले. "कपाटात समोर ठेवतो. सरकारी पाहुणे येतात ना. वाचायचं काय त्यात? हूची धुराडी मला माझ्या गच्चीवरून दिसतात. धंदा म्हणजे लढाई. लढाईत माणूस शत्रूकडे बघतो, तक्त्याकडे नाही."

शेनला राग आला नाही. या गावातले सगळे शेठ हेच म्हणत. ती उठता उठता भिंतीवरच्या एकुलत्या फोटोपाशी थांबली. खांद्यावर कावड घेतलेली दोन पोरं आणि मध्ये एक टिनकाम करणारा कारागीर. त्याने चहाचा वाडगा दोन्ही तळव्यांत दाबून धरला होता, एखादं पाखरू धरावं तसा.

"कुणापासून सुरुवात करू?"

"सुरुवात नको. शेवटच करा," यिंग शेठ खिडकीकडे बघत म्हणाले. "लू मिस्त्रीनेच केलंय. तुम्ही फक्त सिद्ध करा."

"कशावरून म्हणता?"

"ते मात्र विचारू नका."

२

चेंग बिन विक्रीचा प्रमुख. पस्तिशीचा, देखणा आणि सतत फोनकडे बघणारा. कारखान्याच्या खानावळीत त्याने शेनसाठी मांसाची भाकरी मागवली आणि स्वतःची तशीच ठेवली.

"मॅडम, स्पष्ट बोलू? दोन वर्षं गुपित सांभाळत बसलो हीच आमची चूक. हल्ली धंद्यात डावपेच वगैरे काही नसतं. जो पहिला पोचला त्याचं गाव. मी शेठना म्हणत होतो, अर्धवट का असेना, बाजारात आणा. ते म्हणायचे, शत्रूला चाहूल लागेल. लागली ना आता!"

"तुम्ही आधी हूंकडे नोकरीला होतात."

चेंगचा चेहरा उतरला. "होतो. आणि मागच्या महिन्यात त्यांच्याकडे जेवायलाही गेलो होतो. तुम्हाला आज ना उद्या कळणारच. परत घ्या म्हणून विचारायला गेलो होतो."

"मग?"

"हू शेठ म्हणाले, ज्याने यिंगला सोडलं तो मलाही पुन्हा सोडेल. जेवण मात्र चांगलं घातलं." तो ओशाळून हसला. "आणि त्या वेळी त्यांच्या यंत्रांवर हा थर्मास निघत होता, मॅडम. मी डोळ्यांनी पाहिलं. मग मी काय विकणार होतो त्यांना?"

"आणि हे शेठना सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? तिथे कशाला गेला होतास म्हणून विचारलं असतं ना त्यांनी."

यिंगांची मुलगी मानछिंग परदेशात शिकून आलेली. तिच्या खोलीत भिंतभर तक्ते होते: पुरवठादार, गिऱ्हाइकं, नवे खेळाडू, पर्यायी माल. शेनला आपल्याच माहेरी आल्यासारखं वाटलं.

"तुम्हाला हे कळतं," मानछिंग म्हणाली. "बाबांना दाखवलं तर विचारतात, यात हू कुठे आहे? मी म्हटलं, बाबा, हू हा शंभरातला एक चौकोन. तर म्हणाले, मग तुझा कागद फाड."

"हूंशी हातमिळवणी करावी, असं तुम्ही सुचवलं होतं ना?"

"उघड सुचवलं होतं. त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. तसे एरवी तरी कुठे बोलतात म्हणा." तिने आवाज खाली आणला. "शेन मावशी, एक सांगू? बाबांचा एक सल्लागार आहे. आमच्यापैकी कुणी त्याला पाहिलेलं नाही. दरवर्षी वसंतात ते एकटेच गाडी घेऊन जातात, संध्याकाळी परततात आणि दुसऱ्या दिवशी सगळे निर्णय तयार. कोण, विचारलं तर म्हणतात, माझा एकच सल्लागार आहे आणि तो कधी चहाडी करत नाही."

३

म्हणजे चौघांना नव्हे, पाच जणांना माहीत होतं.

हाच विचार डोक्यात घेऊन शेन साच्यांच्या शेडमध्ये शिरली. लू मिस्त्री एका कोपऱ्यात, पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या लेथवर वाकले होते. नवी यंत्रं दुसऱ्या बाजूला ओळीत उभी होती. त्यांनी मान वर केली नाही.

"मिस्त्री, शेठना तुमचा संशय आहे."

"माहीत आहे."

"काही बोलायचंय का?"

"शेठना विचारा."

"त्यांनीच मला तुमच्याकडे पाठवलंय."

"मग परत त्यांनाच विचारा." मिस्त्रींनी लेथ थांबवला, हात पुसले आणि तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती, पण दुखावलेपण होतं, जुनं आणि आत मुरलेलं. "बाई, मी शब्द दिलाय. कुणाला, कशाबद्दल, विचारू नका. शब्द मोडला तर मी सुटतो. पण मग सुटून तरी काय करू?"

शेनने पिशवीतून दोन्ही थर्मास काढले आणि त्यांच्या समोरच्या फळीवर ठेवले. इतका वेळ तिने त्यांच्यातलं साम्यच पाहिलं होतं. आता ती फरक शोधू लागली.

यिंग शेठच्या थर्मासला झाकणावर एक बटण होतं, अंगठ्याने दाबायचं. हूच्या थर्मासला बटण नव्हतंच. तिथे एक रुंद, वाकडी पट्टी होती. ती तळव्याने दाबली की झाकण उघडे. शिवाय हूच्या थर्मासच्या बुडाशी, कडेला एक बारीक खाच होती. कशासाठी, कळत नव्हतं. तिचा काहीच उपयोग नव्हता.

फळीवर मिस्त्रींचा स्वतःचा पेला होता, पत्र्याचा. शेनने तो सहज उचलला. त्याच्याही बुडाशी तीच खाच.

"हा तुम्हीच केलात?"

"या लेथवर. वस्तू धरणारा याचा जबडा एका बाजूला चावतो. जुना झालाय, माझ्यासारखा."

शेनने पेला हूच्या थर्मासशेजारी धरला. मिस्त्रींच्याही लक्षात आलं. त्यांनी तिच्या हातातून पेला हळूच काढून घेतला आणि पालथा घातला.

शेडच्या दारात कचेरीतली एक मुलगी उभी होती. तिला बोलवत नव्हतं.

"मिस्त्रीकाका, शेठनी सांगितलंय... हत्यारं घेऊन घरी जा. उद्यापासून येऊ नका."

४

हॉटेलच्या खोलीची खिडकी गाड्यांच्या तळावर उघडत होती. शेनने दुपारचं जेवण तिथेच मागवलं आणि खाताना टीव्ही लावून ठेवला. ऐकायला नव्हे, खोलीत कुणीतरी बोलत असावं म्हणून. नवऱ्यापासून वेगळं झाल्याला बरीच वर्षं लोटली होती. मुलगा दक्षिणेला कुठल्याशा बेटावर नोकरीला होता. उद्योगांचा अभ्यास करणारं माणूस सगळ्यांच्या घरी जातं आणि कुणाच्याच घरचं नसतं. तिला त्याची सवय झाली होती, असं ती स्वतःला सांगे.

तिने विचार केला. आराखडे चोरणाऱ्याने बटणाचा थर्मास केला असता, कारण मानछिंगने दाखवलेल्या सगळ्या आराखड्यांत बटणच होतं. तिजोरीतल्या तिन्ही नमुन्यांनाही बटणच होतं. हूच्या थर्मासला पट्टी आहे आणि एक निरुपयोगी खाच आहे. खाच कागदावरून कुणी उतरवून घेत नाही. ती वस्तूवरून येते. हूच्या माणसांनी एक वस्तू समोर ठेवून तिची इमानदारीने नक्कल केली. ती वस्तू त्या जुन्या लेथवर, हाताने घडवलेली होती.

म्हणजे नमुने तीन नव्हते, चार होते.

आणि यिंग शेठना ते माहीत होतं. हूची पट्टी पाहताच त्यांनी ओळखली असणार, म्हणून तर त्यांची मिस्त्रींबद्दल एवढी खात्री. पण मग चौथ्या नमुन्याबद्दल ते अवाक्षर का काढत नाहीत? आणि अंगठ्याऐवजी तळव्याने उघडणारं झाकण कुणासाठी?

तिने मानछिंगला फोन लावला.

"तुझ्या बाबांच्या खोलीतला तो फोटो. मधला माणूस कोण?"

"बाबांचे उस्ताद. त्यांच्या मागे कावड घेऊन बाबा पोरवयात गावोगाव हिंडले. फुटकी भांडी सांधायची, पत्र्याचे डबे करायचे. उस्ताद जाऊनही फार वर्षं झाली."

"त्यांच्या हाताला काही झालं होतं?"

"उजवा अंगठा कातरीत गेला होता. का?"

"आणि फोटोतला दुसरा मुलगा?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"हू काका," मानछिंग म्हणाली. "आमच्या घरात त्यांचं नाव घ्यायचं नसतं."

५

हू लाइशुनने शेनला कचेरीत नव्हे, मागच्या अंगणात बसवलं. तिथे मुळ्याच्या चकत्या वाळत घातल्या होत्या. बायको वारलेली, मुलगा शांघायला. सत्तरीचा हा माणूस स्वतःच्या हाताने चकत्या उलटत होता.

"यिंगने पाठवलंय ना? मला वाटलं वकील येईल. बाई आल्या, बरं झालं."

"हू साहेब, तुमचा नवा थर्मास तुम्हाला कसा सुचला?"

"सुचला नाही. मिळाला."

"कुणाकडून?"

"उस्तादांकडून."

त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. शेन गप्प बसली. गप्प बसणं हेच तिचं खरं कसब होतं.

"तुम्ही लोक अहवाल लिहिता," हू एक चकती उलटत म्हणाले. "उद्योग असा, बाजार तसा. मी उद्योग बघत नाही. मी यिंगला बघतो. एका कावडीची दोन टोकं आम्ही. एक टोक वर गेलं की दुसरं खाली जाणार, यात अभ्यास कसला? आमचं वाजलं ते एका मागणीवरून. मी भाव पाडला, त्याला न सांगता. उस्ताद तेव्हा आजारी होते. गेले ते दोघांवर रागावूनच."

"आणि मग?"

"छिंगमिंगला, कबरी झाडायच्या दिवशी, तो उस्तादांच्या कबरीवर जातो. न चुकता. मी दुसऱ्या दिवशी जातो. समोरासमोर नको म्हणून. त्याला ठाऊक नाही. मी काही मागे ठेवत नाही, फक्त नमस्कार करतो." ते थांबले. "पण तो ठेवतो. आणि त्याने काय ठेवलंय, त्यावरून मला त्याचं वर्ष कळतं. उंची दारू असली की मागण्या जोरात. नुसती संत्री असली की हात आखडलेला. एकदा संत्रीही सुकलेली होती. त्या वर्षी मी भाव पाडणार होतो, तो नाही पाडला. त्याला हे कधी कळणार नाही."

शेनने विचारलं, "आणि मागच्या वर्षी?"

"मागच्या वर्षी थर्मास होता. झाकणाला पट्टी. मी तळव्याने दाबली. अंगठा नसलेल्या माणसाला उघडेल असं झाकण! मला कळलं, याने हे उस्तादांसाठी केलंय. आत चहा होता. आदल्या दिवशीचा, तरी वाफ येत होती." हूंनी मान फिरवली. "मी तिथेच बसून प्यालो. आणि उठलो तेव्हा मला दिसलं की हा माणूस बाटल्यांचा धंदा सोडून कुठे निघालाय. म्हाताऱ्यांकडे. आमच्याकडे. बाई, दोन वर्षं तो विचार करत बसला असेल. मला एक पेला चहा पुरला."

"हे बरोबर केलंत असं वाटतं तुम्हाला?"

"धंदा म्हणून बरोबर." हूंनी सुकलेल्या चकत्या टोपलीत गोळा केल्या. "बाकीचं विचारू नका."

६

"तुमचं घर कुणी फोडलेलं नाही, यिंग शेठ," शेन म्हणाली. "दार तुम्हीच उघडं ठेवलंत."

तिने खोलीचं दार लावून घेतलं होतं. चारचौघांत बोलायची ही गोष्ट नव्हती. तिने दोन्ही थर्मास मांडले आणि एकेक सांगत गेली. पट्टी, खाच, मिस्त्रींचा पेला, उस्तादांचा अंगठा. चेंगने आराखडे दिले असते तर बटण आलं असतं. मानछिंगने दिले असते तरी बटणच. पट्टी फक्त एकाच नमुन्याला होती आणि तो उस्तादांपुढे ठेवायला यिंग शेठनी घडवून घेतला होता.

"तुम्हाला वाटलं, लूने गुपचूप दुसरा केला आणि हूला दिला. पण मिस्त्रींनी तोंड उघडलं नाही. नोकरी गेली तरी नाही. चौथा नमुना कुणासाठी होता, हे कुणाला सांगणार नाही असा शब्द त्यांनी तुम्हालाच दिला होता. तुमचं गुपित पाळलं म्हणून तुम्ही त्यांना काढलंत."

यिंग शेठनी हूचा थर्मास जवळ ओढला आणि पट्टी तळव्याने दाबली.

"कबरीवर बसून बोलतो मी," ते शेवटी म्हणाले. "मोठ्याने. कुठला माल बंद करायचा, कुणाला नेमायचं. लोकांना कळलं तर म्हणतील, शेठला वेड लागलं. या खुर्चीवरचा माणूस नुसता खोकला तरी त्यात डाव शोधतात, शेनबाई. मुलीशी बोललो तर ती तक्ता काढते. चेंगशी बोललो तर तो घाई करतो. मग बोलायचं कुणाशी? मध्ये हिवाळ्यातही एकदा जाऊन आलो, तेव्हा थर्मास तिथे नव्हता. मला वाटलं, कुणा गुराख्याने नेला."

"हूंनी नेला. ते दरवर्षी येतात. तुमच्या दुसऱ्या दिवशी."

यिंग शेठनी झटकन वर पाहिलं. चोराचं नाव कळल्यावर माणूस पाहतो तसं ते पाहणं नव्हतं.

"लाइशुन येतो?"

"न चुकता. चहा तिथेच बसून प्याले, म्हणाले."

त्यांनी तोंडावर हात धरला आणि पाठ वळवली. शेन खिडकीबाहेर बघत राहिली. समोर हूची धुराडी होती.

मग ते उठले, टोपी घातली आणि मानछिंगला हाक मारली. बापलेक लू मिस्त्रींच्या घरी गेले आणि त्यांना घेऊन परतले. साच्यांच्या शेडमध्ये सगळी यंत्रं बंद करायला सांगून यिंग शेठनी सर्वांसमोर कमरेत वाकून मिस्त्रींची माफी मागितली. चौथा नमुना कुणासाठी होता, तेही सांगितलं. कुणी हसलं नाही. मिस्त्री "बरं" एवढंच म्हणाले आणि त्यांनी लेथ सुरू केला.

दावा लावायचा नाही, असं ठरलं. चेंगला मात्र पहिल्यांदाच शेठनी विचारलं, "तू विकणारा माणूस, तुला काय वाटतं, पुढे काय करू?" चेंगने हातातला फोन खिशात टाकला.

७

छिंगमिंग उलटून गेल्यावर एका सकाळी हांगचौच्या घरी शेनचा फोन वाजला.

"यिंग बोलतोय."

"काय काम काढलंत, शेठ?"

"काम काही नाही."

शेनने गॅस बारीक केला आणि खुर्ची ओढून बसली. यिंग शेठसारख्या माणसाने काम नसताना फोन केला, हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला. आणि कामाशिवाय आपल्यालाही बऱ्याच दिवसांत कुणाचा फोन आलेला नाही, हेही.

"या वर्षी मी दुसऱ्या दिवशी गेलो," ते म्हणाले. "मुद्दाम. म्हटलं, तो येईल, मी आधीच बसलेला असेन. उगाच बोलायची वेळ आलीच तर काय बोलायचं, तेही ठरवून ठेवलं होतं. उन्हं उतरेपर्यंत थांबलो. कुणी आलं नाही."

"हू साहेब आले नाहीत?"

"येऊन गेला होता. आदल्या दिवशी. खाली फुलं विकणारी बाई म्हणाली, एक म्हातारा काल सकाळपासून इथे पायरीवर बसला होता. दर गाडीकडे बघायचा. अंधार पडल्यावर गेला."

शेनने उठून गॅस बंदच केला.

"त्याने ओळखलं होतं, तुम्ही मला सांगणार," यिंग शेठ म्हणाले. "म्हणून तो माझ्या दिवशी आला. आणि मी त्याच्या दिवशी गेलो. जन्मभर आम्ही एकमेकांच्या पुढचं ओळखत आलो, शेनबाई. या वेळीही दोघांनी बरोबर ओळखलं."

"फोन करा ना त्यांना. नंबर नाही का?"

"आहे. हातात घेतो आणि ठेवतो. फोनवर काय सांगायचं? आणि त्याने मध्येच ठेवला तर?" पलीकडे थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज आला. "तुम्ही तीस वर्षं अंदाज बांधत आलात. आम्ही कुणी वाचले नाहीत, ही आमची चूक. आता एकच अंदाज सांगा. पुढच्या वर्षी तो कोणत्या दिवशी येईल?"

शेनने सवयीने विचार सुरू केला. हूला कळेल की यिंग त्याच्या दिवशी आला होता. मग तो पुन्हा आपल्याच दिवशी येईल. पण यिंग तसाच विचार करून आपल्या दिवशी परत गेला, तर? याला कुठे अंत नव्हता. कुठल्याही तक्त्यात हे मावणारं नव्हतं.

"शेठ," ती म्हणाली, "दोन्ही दिवस जा."